भिशीचा पीसी

भाच्यानं बारावीच्या निकालाला काही मागितलं नाही. मागितलं ते गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत. जेवण झाल्यावर वही पुढं सरकवून म्हणाला, "मामू, गेमिंग पीसी लेना है. बना-बनाया नहीं, पार्ट लाके बनाना है."

आमच्या घरात बोलणं दखनीत, लिहिणं मराठीत आणि कॉम्प्युटरचं सगळं इंग्रजीत. त्यामुळे वहीतली यादी वाचायला मला चष्मा आणि तो, दोन्ही लागले. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एक टीबीचा एनव्हीएमई, रंगीत दिवे लागणारी कॅबिनेट. खाली बेरीज ५५ हजार. आणि त्याखाली बारीक अक्षरात: "डी ड्राइव्ह - मामू का पुराना हार्ड डिस्क, १६० जीबी, फ्री."

त्या शेवटच्या ओळीवर मी तेव्हा काहीच बोललो नाही. नंतर सांगतो.

५५ हजार कुठून येणार, हा पहिला प्रश्न. दाजींनी सोयाबीनवर येऊ म्हणून सांगितलं होतं. मग सप्टेंबर २०२५ चा पाऊस आला. आमच्या भूम-परंडा-वाशी पट्ट्यात त्या महिन्यात काय झालं ते इकडच्यांना सांगायला नको. उभं सोयाबीन पाण्यात गेलं. त्याच आठवड्यात भाच्यानं मोबाईलवर नवा मार्ग काढला: 'नो कॉस्ट ईएमआय'. आपानं विचारलं, "सूद है क्या इसमें?" मी प्रामाणिकपणे सांगितलं की नाव काहीही असो, बँक व्याज लावतेच, तेवढी रक्कम विकणारा आधी सूट म्हणून कमी करतो, आणि व्याजावरचा जीएसटी आपल्या माथी बसतो. आपा म्हणाली, "मतलब है." विषय संपला. याला कुणी कर्मठपणा म्हणेल. मला तो सरळ हिशेब वाटला. ज्या घरात पीक गेलंय, त्या घरानं खेळायच्या वस्तूसाठी हप्ता बांधून घ्यावा, हे कुठल्याच धर्मात बसत नसावं.

उरली भिशी. आपाच्या गल्लीत बारा बायकांची भिशी आहे, महिन्याला तीन हजार. त्यात आमच्या चौघी, बाकीच्या शेजारच्या. कुणाची दिवाळी, कुणाची ईद, कुणाच्या लेकीचं बाळंतपण पाहून नंबर पुढंमागं करून घेतात. आपाचा नंबर डिसेंबरात होता. म्हणजे ३६ हजार, डिसेंबरात, आणि त्यावर एक रुपया नाही. भाच्यानं वहीतलं पान फाडलं.

मग आम्ही मामा-भाचे रोज रात्री बसायला लागलो. मी शाळेत मास्तर. कॉम्प्युटर मला येतो तो पगारपत्रक आणि टायपिंगपुरता. पण या तीन महिन्यांत मी एवढं शिकलो की बार्शीतल्या दुकानदारानं शेवटी विचारलं, "सर, तुमचंपण दुकान आहे का?"

पहिला काटा ग्राफिक्स कार्डावर मारला. रायझन ५ ५६००जी नावाचा प्रोसेसर आहे, २०२१ चा. सहा कोअर, आणि पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स. त्यावर व्हॅलोरंट पळतो, जीटीए फाइव्हही सेटिंग खाली आणली की पळतो. कार्ड पुढं कधीतरी घालता येतं. भाच्याचा चेहरा उतरला, पण मी त्याला घरातला जुना मॉनिटर दाखवला. १३६६ बाय ७६८ चा. फुल एचडी पडद्यावर जवळपास २१ लाख ठिपके असतात, यावर साडेदहा लाख. म्हणजे प्रोसेसरला दर चित्रामागं निम्मंच काम. जुन्या मॉनिटरची लाज वाटत होती, तोच उपयोगी पडला.

रॅमनं मात्र घात केला. अशा प्रोसेसरला स्वतःची वेगळी ग्राफिक्स मेमरी नसते, तो रॅममधूनच उसनी घेतो. म्हणून सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्या लागतात. दोन रस्ते उघडे राहतात. हे आम्ही सप्टेंबरात ठरवलं, दरही लिहून ठेवला. डिसेंबरात दुकानात विचारलं तर दर दुपटीच्या वर. मला वाटलं दुकानदार फसवतोय. तो फसवत नव्हता. जगभर एआयसाठी प्रचंड डेटा सेंटरं उभी राहतायत, मेमरीच्या चिपा बनवणाऱ्या मोजक्या कंपन्या आपला माल तिकडं वळवतायत, आणि आपल्यासारख्यांसाठीचा माल आटलाय. ३ डिसेंबरला तर मायक्रॉननं 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाच्याच्या यादीत रॅमपुढं तेच नाव होतं. वाशीतल्या पोराची रॅम अमेरिकेतल्या कुठल्याशा मशीनच्या तोंडी गेली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण फार नाही.

शेवटी रॅम जुनी घेतली. इथं एक गोष्ट शिकलो ती सांगतो, कुणाच्या कामी येईल. रॅम जुनी घ्यायला हरकत नाही. ती झिजत नाही. रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवायचा, चूक दाखवली नाही तर घ्यायची. जुना प्रोसेसरही चालतो, फक्त पिना वाकलेल्या नाहीत ना ते पाहायचं. पण जुना एसएसडी नको, तो किती झिजलाय ते मालकालाच ठाऊक. आणि जुना पॉवर सप्लाय तर नकोच नको. तो जाताना एकटा जात नाही, सोबत बोर्ड घेऊन जातो.

पॉवर सप्लायवरून आमचं एकदा भांडणही झालं. त्याला ते पैसे वाचवून दिव्यांची कॅबिनेट घ्यायची होती. मी म्हटलं, बाबा, आपल्याकडं लाइट जाते ती सांगून जात नाही आणि येते ती झटका देऊन येते. चांगला साडेचारशे वॅटचा सप्लाय, सहाशे व्हीएचा यूपीएस, आणि घराला अर्थिंग. अर्थिंगवर तो हसला. मी त्याला जुन्या कॅबिनेटला अनवाणी पायांनी हात लावायला सांगितलं. झिणझिण्या आल्या. दुसऱ्या दिवशी दाजींनी मागच्या परड्यात खड्डा घेतला, वायरमननं मीठ-कोळसा भरून पट्टी गाडली. दीड हजार गेले. गेमिंग पीसीच्या कुठल्याही यादीत मला अर्थिंग दिसलं नाही. बहुतेक त्या याद्या करणाऱ्यांच्या घरी ते आधीच असतं.

जागेचाही प्रश्न होता. पुढची खोली पत्र्याची, मे महिन्यात तिथं माणूसच थांबत नाही. आतली माळवदाची, थंडगार, पण वरून माती झरते. माळवदाखाली पीसी ठेवायचा आणि कॅबिनेटच्या जाळ्यांना बारीक गाळण्या लावायच्या, त्या दर जुम्म्याला झटकायच्या, असं ठरलं. यूपीएसचा स्विच आपाच्या पलंगाशेजारी आला. "ये जायज है क्या?" हा तिचा उरलासुरला प्रश्न त्या स्विचनं मिटवला.

आता स्टोरेज. इथंच आमचे सगळ्यात जास्त दिवस गेले.

साधी हार्ड डिस्क म्हणजे आत फिरणाऱ्या तबकड्या आणि त्यांवरून सरकणारी सुई. मिनिटाला ७२०० फेरे मारून ती सेकंदाला दीड-दोनशे एमबी देते, तेही फाइल सलग असेल तर. साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत जातो. एनव्हीएमई तीन-साडेतीन हजारापर्यंत. आकडे पाहून पोरगं वेडं होणारच. पण खेळ उघडताना हार्ड डिस्क आणि साटा एसएसडी यांच्यात जो जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो, तो साटा आणि एनव्हीएमईत जाणवत नाही. तिथं वाचतात ते काही सेकंद. त्याला चौथ्या पिढीचा, सात हजारवाला हवा होता. मी त्याला प्रोसेसरचा कागद दाखवला: ५६००जी तिसऱ्या पिढीचाच वेग देतो. वरचे पैसे पाण्यात. आणखी एक घोळ असतो. एम डॉट टू हे फक्त आकाराचं नाव आहे, त्या आकारात साटाही येतो आणि एनव्हीएमईही. खोक्यावर पाहून घ्यायचं.

किंमत सारखीच पडत होती, म्हणून तिसऱ्या पिढीचा एनव्हीएमई ठरला, एका खणात तीन बिटवाला, चार बिटवाला नाही. चार बिटवाला स्वस्त असतो, पण मोठी फाइल टाकताना दमतो आणि लवकर झिजतो. झिजण्याची मात्र उगाच भीती नको. पाचशे जीबीच्या चांगल्या डिस्कला बहुधा तीनशे टीबी लिहिण्याची हमी असते. रोज चाळीस जीबी लिहिले तरी वीस वर्षं.

एक टीबी हवा होता, पण तोपर्यंत एसएसडीचेही भाव चढले होते. पाचशेवर आलो. ऑनलाइन मागवला तर कुरियरवाल्यानं तो नवी मुंबईच्या वाशीला पाठवला. ४१३ नं सुरू होणारा पिन ठळक लिहूनही. आमच्या गावाला ही सवय आहे, मुंबईच्या नातेवाइकांच्या लग्नपत्रिकाही कधीकधी अशाच फिरून येतात. आठ दिवसांनी डिस्क आली, जोडली, तर स्क्रीनवर ४६५ जीबी. आपा म्हणाली, "पैंतीस दुकानवाला खा गया?" तिला समजावलं की कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं, माल तेवढाच आहे, माप वेगळं. शेर आणि किलोसारखं. तिला पटलं, पण पूर्ण नाही.

४६५ मधले विंडोजला गेले, थोडी जागा मोकळी ठेवावीच लागते, नाहीतर डिस्क रेंगाळते. एकटा जीटीए शंभराच्या वर. म्हणून भाच्याची नजर पुन्हा त्या फुकटच्या १६० जीबीवर गेली. "मामू, फॉरमॅट मारके डी ड्राइव्ह बनाता हूँ."

ती डिस्क माझ्या कपाटात रुमालात गुंडाळून आहे. तिच्यावर अब्बांचा आवाज आहे.

आमचे चाचा जेद्दाहला होते. तेव्हा फोन महाग होता, आणि अम्मीला लिहिता येत नव्हतं. म्हणून पत्राऐवजी कॅसेट जायची. कुणी गावचा माणूस सुट्टी संपवून परत निघाला की त्याच्याकडं द्यायची. चाचा कायमचे परत आले तेव्हा अकरा कॅसेटी सूटकेसमध्ये घेऊन आले. २००९ मध्ये मी बार्शीला एकाकडं टेपरेकॉर्डरला वायर लावून त्या कॉम्प्युटरवर घेतल्या. साठ मिनिटांची कॅसेट, दोन बाजू, म्हणून बावीस फाइली. सगळ्या मिळून साडेसहाशे एमबीही नाहीत. त्याच्या एका खेळाच्या शंभराव्या हिश्शापेक्षा कमी. मूळ कॅसेटींची पट्टी पुढं बुरशीनं गेली. अब्बा २०११ मध्ये गेले. जुना पीसी २०१६ ला बंद पडला आणि मी डिस्क काढून रुमालात ठेवली, निर्धास्त. दुसरी प्रत केली नाही. मास्तर असून.

भाच्याला हे ठाऊक नव्हतं. मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पहले वो निकालेंगे. गेम बाद में."

साटाची जोडणी इतक्या वर्षांत बदललेली नाही, त्यामुळे २००९ ची डिस्क नव्या बोर्डाला सहज लागली. चालू केली. टक्, टक्, टक्. मग फिरली. तपासणीच्या सॉफ्टवेअरनं पिवळा रंग दाखवला, म्हणजे सावध. भाच्यानं काही न उघडता, काही न ऐकता थेट कॉपी लावली. ऐकत बसलो तर डिस्क उगाच दमेल, म्हणाला. ते त्याला सुचलं, मला नाही. साडेसहाशे एमबीला ईशापासून फजरपर्यंत वेळ लागला. मध्ये लाइट गेली. यूपीएसनं वीस मिनिटं काढली आणि लाइट आली. चार हजारांतले माझे सगळे पैसे तिथं वसूल झाले.

एकोणीस फाइली आल्या. तीन नाही आल्या. सारखी सारखी वाचायला लावली तर उरलंसुरलंही जातं, आणि धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्यांचे दर आमच्या भिशीत बसणारे नाहीत. डिस्क काढली, परत रुमालात ठेवली. एकोणीस फाइली आता चार ठिकाणी आहेत: नव्या पीसीत, एक पेनड्राइव्ह आपाकडं, एक बार्शीच्या खालाकडं, आणि ईमेलच्या फुकटच्या पंधरा जीबीत. एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिला तर त्यातलंही पुसट होत जातं, हे वाचल्यापासून मी कुठल्याच एका डब्यावर भरवसा ठेवत नाही.

सकाळी आम्ही पहिली लावली ती ऑक्टोबर १९९३ ची. ३० सप्टेंबरला पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या दिवशी गणपती उठले होते. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, बरीचशी जाड दगडी भिंती आणि माळवदांखाली. चाचांनी जेद्दाहला रेडिओवर उस्मानाबादचं नाव ऐकलं आणि इकडं कुणाचाच फोन लागेना. म्हणून अब्बांनी कॅसेट भरली. आधी सलाम, मग सांगितलं की घर उभं आहे, मागच्या भिंतीला चीर गेली आहे. मग म्हणाले, आता एकेक जण माईकजवळ येऊन नाव सांगेल, म्हणजे तुझी खात्री होईल. अम्मीनं सांगितलं. दादीनं सांगितलं. शेजारच्या अण्णांनी मराठीत सांगितलं, "मी बी हाय रं बाबा." मग नऊ वर्षांची आपा, नाव सांगून, थांबून: "चाचा, मेरी गुडिया मत भूलना."

भाच्यानं मागं वळून आईकडं पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती, हाताला पीठ.

मी तेव्हा सहा वर्षांचा. मीही नाव सांगितलं होतं, मला पक्कं आठवतं. ते बी बाजूला होतं. न आलेल्या तीनपैकी एक तीच.

"मामू, फिर से लगाऊँ?" त्यानं विचारलं. एका कोपऱ्यात जीटीए उतरत होता, एक्केचाळीस टक्के. नेट हळू झालं होतं. त्यानं डाउनलोड थांबवून ठेवला आणि कॅसेट पहिल्यापासून लावली.