तैलचित्र पाहावें कसें?

घरांतील वडीलधाऱ्यांचें तैलचित्र पाहून "अगदीं हुबेहूब उतरलें आहे!" एवढें म्हटलें कीं आपली रसिकता संपते. चेहरा ओळखूं आला, शालीचा काठ दिसला, झालें! विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्राचा अभिप्राय मात्र निराळा आहे. कोणी अलंकारांवर लुब्ध होतात, कोणी रंगांच्या रेलचेलीवर. परंतु आचार्य रेखेस मान देतात आणि जाणते वर्तनेस, म्हणजे छायाप्रकाशाच्या कामास.

ही वर्तना मुलांस डोळ्यांनीं दिसावी म्हणून आम्ही नातवंडांसह सांगलीहून सातारा जिल्ह्यांतील औंधास गेलों. यमाईच्या डोंगरावरील तेथील संग्रहालय श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं उभारलें. ते स्वतः चित्रकार होते. वेदाभ्यासाकरितां विख्यात झालेले पंडित सातवळेकर हेही मूळचे व्यक्तिचित्रकार. १९१८ सालीं ते औंधासच येऊन राहिले. रविवर्मा व धुरंधर यांच्या हातचीं चित्रेंही येथें पाहावयास मिळतात.

मुलांस आम्हीं एकच युक्ति सांगितली: चित्र आधीं दहा पावलांवरून पाहावें, मग हातभर अंतरावरून. दुरून जो गाल सजीव वाटतो, तो जवळ जातां कुंचल्याच्या तुटक फटकाऱ्यांचा होतो. त्वचेचा रंग एक नव्हेच. कानाची पाळी तांबूस, कपाळ पिवळसर, हनुवटीखालीं हिरवट छटा. सावलींत रंग पातळ, उजेडांत जाड. आणि डोळ्यांतील तेज म्हणजे पांढऱ्या रंगाचा एक ठिपका!

"आजोबा, तो ठिपका झांकला तर?" नातीनें विचारलें. झांकला तर डोळे विझतील, हेंच उत्तर.

आणि हा प्रश्न आमच्या घरचाच आहे. आमच्या आजोबांचें तैलचित्र दिवाणखान्यांत समयीच्या व उदबत्तीच्या धुरानें काळवंडलें आहे. येत्या मंगलकार्यापूर्वीं तें एखाद्या रंगाऱ्याकडून "नवें" करून घ्यावें, असा धाकट्या बंधूंचा आग्रह. एका आप्ताकडे असें झालेलें आम्हीं पाहिलें आहे: चेहरा बाहुलीसारखा गुळगुळीत झाला आणि मूळ चित्रकाराचा हात नव्या रंगाखालीं गडप झाला. वास्तविक काळवंडतो तो बहुधा वरचा वार्निशाचा थर. जाणता मनुष्य तो अलगद काढूं शकतो. तोंवर तेलाचा बोळा व ओलें फडकें चित्रास लावूं नये, तें उन्हांत टांगूं नये.

आजोबा गेले, चित्रकारही गेला. त्यांस समोर बसवून त्यानें जें पाहिलें, तेवढें त्या फटकाऱ्यांत उरलें आहे. तें पुसण्याचा अधिकार आम्हां कोणासही नाहीं. बंधूंस आम्हीं तसें कळविलें असून, मंगलकार्य आहे त्याच चित्रासमोर होईल.