कर्ता कोण?

आमच्या परभणीला विमानतळ नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही छाती फुगवून सांगतो खरे; पण विमान म्हणून आमच्या वाट्याला येते ते आभाळात फार उंचावरून जाणारे, नखाएवढे, आपला आवाज मागे टाकून पुढे सरकणारे. अंगणात उभे राहून कपाळाशी हात धरून त्याच्याकडे पाहावे आणि पुन्हा आपल्या कामाला लागावे, एवढाच आमचा त्याचा संबंध. तरीही कुठे विमान कोसळले, की ते कशामुळे कोसळले हे परभणीत जितक्या लवकर कळते, तितक्या लवकर ते दिल्लीच्या तज्ज्ञांनासुद्धा कळत नसावे.

१२ जून २०२५ ची गोष्ट घ्या. अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उडाले, आणि पुरते एक मिनिटही झाले नाही तोच एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडले. विमानातल्या २४२ माणसांपैकी एक तेवढा वाचला. जमिनीवरची १९ माणसे गेली. संध्याकाळी प्रवेश-अर्जांचा गठ्ठा आवरून मी प्राध्यापकांच्या खोलीत आलो, तर तिथे चौकशी पुरी होऊन निकालही लागला होता. वनस्पतिशास्त्राच्या गृहस्थांनी पक्ष्यांचा थवा पाहिला होता, म्हणजे मोबाइलवर. इतिहासाच्या सरांना घातपाताचा वास आला होता. त्यांना तो पानिपतापासून येत आला आहे. आमच्या हेडक्लार्कांनी एकच चित्रफीत सतरा वेळा मागेपुढे करून पाहिली होती, आणि चाके वर घ्यायच्या ऐवजी कोणीतरी भलताच दांडा ओढला, असे त्यांचे ठाम मत होते. चहा घेऊन आलेल्या शिपायाने एवढेच विचारले, “साहेब, वजन तर जास्त नव्हतं ना?” तो पूर्वी टेम्पोवर होता.

या मंडळींची थट्टा करण्याचा अधिकार मला नाही. का नाही, ते पुढे येईलच.

बरोबर महिन्याने, १२ जुलैला, प्राथमिक अहवाल बाहेर आला. इंजिनांचा इंधनपुरवठा तोडणारे दोन स्विच उड्डाणानंतर काही क्षणांतच, एका सेकंदाच्या अंतराने, ‘चालू’वरून ‘बंद’वर गेले. ध्वनिमुद्रणात एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, तू बंद का केलेस; दुसरा म्हणतो, मी केले नाही. दहा सेकंदांनी स्विच पुन्हा ‘चालू’वर आले, पण तोवर वेळ निघून गेली होती. विचारणारा कोणता आणि नाही म्हणणारा कोणता, हे त्या अहवालात नव्हते.

मी पडलो मराठीचा मास्तर. माझे लक्ष गेले ते क्रियापदाकडे. अहवालातल्या इंग्रजी क्रियापदाचे मराठी करायचे तर ते ‘बंद झाले’ असे होईल; ‘बंद केले’ असे होणार नाही. आपल्या भाषेत या दोहोंत केवढे अंतर आहे, ते शिकायला व्याकरणाचे पुस्तक लागत नाही. घरात कप खाली पडला की पोर म्हणते, “फुटला,” आणि आई म्हणते, “फोडलास!” अहवालाने ‘झाले’ लिहिले होते, दिवस मावळायच्या आत साऱ्या देशाने त्याचे ‘केले’ करून टाकले. आणि ‘केले’ म्हटले, की वाक्याला कर्ता हवा. दोन वैमानिक, त्यांतला मोठा, मुंबईचा कप्तान, तो लोकांनी निवडला. मग त्याच्या घरातल्या गोष्टी निघाल्या. त्याच्या रजा, त्याचा एकटेपणा, त्याचे म्हातारे वडील.

कर्त्याशिवायचे वाक्य माणसाला का सोसवत नाही कोण जाणे! माझे एक चुलते वांद्र्याला राहत. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेले ‘एम्परर अशोक’ हे जंबो विमान वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडले आणि २१३ माणसे गेली. पहिला संशय घातपाताचाच होता. चौकशीत मात्र निघाले ते निराळे. विमान किती कललेले आहे ते दाखवणारे कप्तानासमोरचे उपकरण बिघडले. बाहेर काळा समुद्र आणि काळे आभाळ, क्षितिज म्हणून काही नाही. आणि आपण कुठल्या बाजूला झुकलो आहोत हे न कळून त्याने विमान आणखी त्याच बाजूला झुकवत नेले. हे सारे छापून आले, तरी आमचे काका अखेरपर्यंत म्हणत, “यंत्र बिघडलं म्हणे! बॉम्ब होता तो.” यंत्रावर रागावता येत नाही. बॉम्बमागे कोणाचा तरी हात असतो.

असो. जुलैमधल्या त्या दिवशी मी व्याकरणाचे हे सारे प्रवचन प्राध्यापकांच्या खोलीत झोडले, आणि शेवटी चहाचा पेला खाली ठेवता ठेवता स्वतःच म्हणालो, “पण खरं सांगू का, कप्तानानेच केलं असणार.” रसायनशास्त्राच्या एक तरुण बाई पेपर तपासत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, “सर, कुणी सांगितलं तुम्हाला?”

हा प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता. बत्तीस वर्षांपूर्वी, मानवतला.

मानवत हे आमच्या जिल्ह्यातले कापसाचे गाव. हंगामात रस्त्याच्या कडेच्या बाभळींनासुद्धा कापूस लागतो. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचा त्यांना घासून राहिलेला. जिनात सरकी वेगळी व्हायची, प्रेसमध्ये रुई दाबून गाठी बांधायच्या. एकेक गाठ १७० किलोच्या आसपास. अशा गाठींनी भरलेले ट्रक वेशीबाहेर पडताना पाहणे, ही आम्हा पोरांची करमणूक होती. आमच्याच वाड्यात पलीकडच्या दोन खोल्यांत एक ट्रकड्रायव्हर राहत. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. रविवारी, २५ एप्रिल १९९३ ला, संध्याकाळी ते गाठी भरून निघाले, ते मी पाहिले. मी तेरा वर्षांचा होतो; परीक्षा संपली होती आणि दिवसभर दुसरा उद्योग नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टी संपता संपता कसेबसे उचलले गेले. धावपट्टीच्या टोकापलीकडे बीडचा रस्ता. त्या रस्त्यावरून चाललेल्या एका ट्रकवर विमानाची चाके आणि इंजिनाचा खालचा भाग आदळला. पुढे ते विजेच्या मोठ्या तारांना अडकून पडले. ११८ माणसांपैकी ५५ गेली.

संध्याकाळच्या बातम्या झाल्या तेव्हा मानवतच्या चौकात तो बॉम्बच होता. यात लोकांचे फार चुकले असेही नाही. मुंबईचे बॉम्बस्फोट होऊन दीड महिना झाला होता, आणि दोनच दिवसांपूर्वी एक विमान पळवून अमृतसरला उतरवले गेले होते. पण सकाळच्या एस.टी.ने वर्तमानपत्रे आली आणि बॉम्बची जागा ट्रकने घेतली. त्या ट्रकमध्ये कापसाच्या गाठी होत्या!

माझे वडील शाळामास्तर. ते ओट्यावर बसून पेपर मोठ्याने वाचत आणि भोवती दहाबारा माणसे उभी राहत. कोणीतरी म्हणाले, “आपल्या वाड्यातला ड्रायव्हर रविवारीच गेलाय की गाठी घेऊन.” वाद सुरू झाला. औरंगाबादकडे जायला मानवतहून रस्ते दोन. एक जालन्यावरून; दुसरा पाथरी, माजलगाव, गेवराई करत बीड रोडने शहरात शिरतो. मामा कुठल्या रस्त्याने गेले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ट्रकचा नंबर हाती आलेल्या पेपरात नव्हता, आणि गाडीचे मालक लग्नाला परगावी गेलेले. वाद अडून बसला. तेव्हा मी म्हणालो, “मामा मला म्हणाले होते, बीड रोडने जातो म्हणून.”

मामा मला काहीच म्हणाले नव्हते.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मोठी माणसे एका पोराचे बोलणे ऐकायला गप्प झाली. त्या क्षणाची गोडी मला अजून आठवते, हे लिहिताना लाज वाटते. वडिलांनी विचारले, “केव्हा म्हणाले?” मी म्हणालो, “गाडीत चढताना.” एकदा कर्ता मिळाला की बाकीचे वाक्य आपोआप तयार होते. दुपारपर्यंत मामांनी गाठींचे दोन थर जास्त चढवले होते. रात्रीपर्यंत ते प्यायलेले होते. बुधवारी विमान पाहायला म्हणून त्यांनी गाडी भर रस्त्यात उभी केली होती.

मंगळवारी दिवेलागणीला मामी आमच्या दारात आल्या. डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. आईने बसा म्हटले तरी बसल्या नाहीत. मला म्हणाल्या, “लेकरा, खरंच म्हनले का रे ते तुला? का दुसऱ्या कुनी सांगितलं?” माझ्या मागे वडील उभे होते. मी मान हलवली.

त्यांच्या घरात त्या रात्री चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी आईने भाकरी नेऊन दिल्या, त्या झाकलेल्याच राहिल्या. आणि त्याच दुपारी नळावर कोणीतरी बाई त्यांना म्हणाली, “पन्नास माणसं मारली गं तुझ्या नवऱ्यानं.” मी अंगणात गोट्या खेळत होतो. मला ते ऐकू आले.

गुरुवारी पहाटे मामा आले, काखेत एक कलिंगड घेऊन. ते जालन्यावरून गेले होते आणि माल टाकून खानदेशातून परत आले होते. मामी दारात उभ्या राहिल्या, रडल्या नाहीत, बोलल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी भांडी आपटायला सुरुवात केली. “हिला काय झालं?” असे मामा साऱ्या वाड्याला विचारत होते, आणि सारा वाडा पाण्याला लागला होता. कलिंगड त्यांनी ओट्यावरच कापले. पहिली फोड मला दिली. मी ती खाल्ली.

माणूस धडधाकट परत आला म्हणून गोष्ट मागे घेतली जाते, असे नाही. मालकाने दोन महिने त्यांना गाडी दिली नाही. “तुझं काही नाही रे, पण लोक बोलतात,” एवढेच कारण. त्यांना नाव पडले ‘विमानवाला’. चौकशीत पुढे कारणे ठरली ती अशी : वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि चुकीच्या रीतीने उचलले, आणि विमानतळाच्या कारभाऱ्यांनी उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक आवरली नाही. त्या कारणांत ट्रकड्रायव्हर नव्हता. ना तो खरा, ना आमचा. पण मानवतला ते कोण वाचणार? तोवर ३० सप्टेंबरचा किल्लारीचा भूकंप झाला होता, आणि ओट्यावर भूकंपाची कारणे चालू होती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पेपरात वाचले, की अहमदाबादच्या त्या कप्तानाचे नव्वदी ओलांडलेले वडील सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि न्यायमूर्तींनी त्यांना सांगितले, तुमच्या मुलाला कोणी दोष देऊ शकत नाही, हे ओझे तुम्ही मनावर बाळगू नका. त्याच आठवड्यात मी मानवतची एस.टी. धरली.

मामा जाऊन सात वर्षे झाली. मामी नातवाजवळ राहतात. नजर अधू झाली आहे, पण आवाजावरून मला ओळखले. चहा झाला. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्या नातवाला म्हणाल्या, “हे बघ, हे मास्तरांचे. तुझ्या आजोबांच्या गाडीवर विमान आदळलं ना, तवा ह्यांनाच सांगून गेले होते ते, बीड रोडनं जातो म्हनून. विमानाची चाकं गाठींवर टेकली, आन् आजोबांना ओरखडा नाही! मोठं पुण्य होतं त्यांचं.”

पोरगा माझ्याकडे पाहू लागला. “खरं का सर?”

“मामी,” मी म्हणालो, “ते मला काही म्हणाले नव्हते. मी खोटं सांगितलं होतं तेव्हा. मामा जालन्यावरून गेले होते.”

मामी जरा वेळ माझ्या दिशेने पाहत राहिल्या. मग त्यांनी चाचपडत माझी बशी ओढली, तिच्यात आणखी चहा ओतला आणि म्हणाल्या, “असं कसं? तू लहान होतास लेकरा. इसरला असशील.”