प्रोग्रामरमध्ये प्रोग्राम कोण भरणार?

टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी, एवढंच मला हवं होतं. कामशेतला आमच्या गच्चीवरून पाणी वाहताना बघून जीव तुटायचा. एटीटायनी८५ ही आठ पिनांची आयसी या कामाला पुरेल, असं कळलं. पण तिच्यात कोड भरायला प्रोग्रामर लागतो, हे तोवर ठाऊकच नव्हतं.

पूर्वी लोक प्रिंटरच्या पोर्टातून चार-पाच वायरी काढून भागवत. माझ्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही. शेवटी जर्मनीच्या थॉमस फिशल यांचा यूएसबीएएसपी हा प्रोग्रामर बनवायचं ठरवलं. एटीमेगा८, १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, ३.६ व्होल्टचे दोन झेनर आणि किरकोळ सामान. यूएसबीसाठी वेगळी चिप नाही, ते काम एटीमेगा८ सॉफ्टवेअरनेच करते. मला याचं फार अप्रूप वाटलं. लोकलने पुण्याला जाऊन तापकीर गल्लीतून सगळं आणलं. पैसे देताना दुकानदार म्हणाले, “काका, ही आयसी कोरी आहे. भरणार कशाने?”

म्हणजे प्रोग्रामर बनवायला आधी प्रोग्रामर हवा! परतीच्या वाटेवर मला काही सुचेना.

वाट दाखवली लोणावळ्याच्या भाच्याने. त्याच्याकडे आर्डुइनो उनो होता. त्यात एक स्केच टाकलं की तोच तात्पुरता प्रोग्रामर होतो. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर. मी उनोच्या १० ते १३ या पिना एटीमेगा८ला जोडल्या. स्क्रीनवर सिग्नेचर, म्हणजे आयसीचा ओळख-आकडा, आली नुसत्या शून्यांची. पुन्हा केलं, पुन्हा शून्यं. आयसी जळाली की काय, या भीतीने हात थरथरायला लागले.

“मामा, मिसो-मोसी उलटे लावलेस तू.”

मिसो-मोसी म्हणजे डेटा आणण्या-नेण्याच्या दोन पिना. सिरीयलमध्ये एकाचं पाठवणं दुसऱ्याच्या घेण्याला जोडतात, म्हणून मी इथेही अदलाबदल केली होती. इथे मोसीला मोसी, मिसोला मिसो. म्हणजे उनोची ११ आयसीच्या १७ला, १२ थेट १८ला. वायरी बदलल्या आणि आकडे उमटले: १ई ९३ ०७. तीच एटीमेगा८ची ओळख! मी तो आकडा दोनदा मोठ्याने वाचला.

त्या रात्री फर्मवेअर भरलं, फ्यूज बिट्स बसवले, आयसी बेसमध्ये दाबली. लाइट आल्यावर माझा प्रोग्रामर लॅपटॉपला लावला आणि त्याने एटीटायनीची सिग्नेचर पहिल्या फटक्यात वाचली.

भाचा म्हणाला, “मामा, दोन दिवस हा माझ्याकडे राहू दे. माझ्या मित्राची आयसीपण कोरी आहे.”