साडेसहाशेचं लॉक आणि नव्या मशीनचा सल्ला

मंडळी, महामार्ग, खड्डे, पूर, लाइट यावर आपण इथे नेहमीच बोलतो. आज मी वॉशिंग मशीनच्या दाराच्या लॉकवर लिहितेय. हसू नका. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. विषय मशीनचा कमी आणि आपल्या हक्काचा जास्त आहे.

आधी एक सांगते. दासगावात पावसाळ्यात वॉशिंग मशीन ही चैन नाही. खालून खाडीची दमट हवा, वरून संततधार. हाताने पिळलेली चादर तिसऱ्या दिवशीही ओलीच असते आणि कुबट वास येतो तो वेगळाच. आमच्या सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहेत. दिवसाला दोन-तीन चादरी बदलाव्या लागतात. मशीन घट्ट पिळून देतं म्हणून त्या रात्रभर पंख्याखाली वाळतात. ओलसर चादरीवर आजारी माणसाला झोपवलं की पाठीला जखमा व्हायला वेळ लागत नाही. ज्यांनी घरात असं दुखणं काढलंय त्यांना हे सांगायला नको.

तर ऐन जुलैत मशीन बंद पडलं. समोरून दार असलेलं मशीन आहे. दार लावलं, बटण दाबलं की नेहमी ‘खट्’ असा आवाज येतो, तो येईना. थोडा वेळ मशीन प्रयत्न करतं आणि मग दाराचा एरर दाखवून गप्प बसतं.

हे लॉक असतं कशासाठी? आतला ड्रम पिळताना मिनिटाला हजार-बाराशे फेरे मारतो. तेव्हा दार उघडलं तर हात जाईल. म्हणून दार नीट बंद झाल्याची खात्री पटल्याशिवाय मशीन मोटरला करंट देतच नाही. बऱ्याच मशीनमध्ये लॉकच्या आत एक छोटी गोळी असते. करंट मिळाला की ती तापते, तिच्यामुळे एक धातूची पट्टी वाकते, खिट्टी बसते आणि आतला संपर्क जुळतो. मग पुढे करंट जातो. धुणं संपल्यावर दार लगेच उघडत नाही, कारण ती गोळी थंड व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तेव्हा दाराला हिसके देऊ नका, अर्धी लॉकं तिथेच मोडतात.

दाराचा एरर आला तर घरच्या घरी काय बघायचं, तेही लिहिते. सगळ्यात आधी प्लग काढा. रबराच्या कडेत मोजा, रुमाल, ओढणीचं टोक अडकलंय का बघा. दाराचा आकडा तुटलाय किंवा वाकलाय का बघा. दार थोडं उचलून बघा, बिजागरी सैल होऊन खाली आलं असेल तर आकडा लॉकच्या भोकात बसत नाही. दहा मिनिटांनी पुन्हा प्लग लावा, कधी कधी तेवढ्यानेही चालू होतं. लाइट डिम असेल तर थांबा, कमी व्होल्टेजवर लॉक नीट ओढत नाही आणि आपल्याकडे पावसात व्होल्टेजचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. उलटी तक्रार असेल, म्हणजे दार उघडतच नसेल, तर आत पाणी राहिलंय का बघा. पाणी असेपर्यंत मशीन दार सोडत नाही. पाणी गरम नाही ना याची खात्री करून खालचा फिल्टर हळूहळू सोडा आणि पाणी काढा. काही मशीनमध्ये त्या फिल्टरजवळच दार उघडायची दोरी असते. याच्या पुढे मात्र स्वतः स्क्रू खोलू नका.

आमच्याकडे हे सगळं करून झालं. मग कंपनीच्या नंबरवर फोन. पिन कोड सांगितला. “मॅडम, तुमच्या एरियात पाच दिवसांनी व्हिजिट मिळेल.” महाड दहा किलोमीटरच्या आत आहे हो! पाचाचे आठ दिवस झाले. आलेल्या मुलाने एरर बघितला, मशीन उघडलंसुद्धा नाही, आणि म्हणाला, “ताई, बोर्ड गेलाय. मशीन सहा वर्षांचं आहे, एवढा खर्च करण्यापेक्षा नवीन घ्या. एक्स्चेंज ऑफर चालू आहे.” व्हिजिटचे पैसे घेतले आणि गेला. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला रोज किती गावं फिरायची असतील आणि किती मशीन विकायचं टार्गेट असेल, देव जाणे.

मग आमच्या ओळखीचे एक मेकॅनिक आले. मिक्सर, पंखे, पंप सगळं करतात, शिक्षण आयटीआय. त्यांनी झाकण काढलं, मीटर लावला आणि मला दाखवलं. “वहिनी, हे बघा. बटण दाबल्यावर बोर्डातून लॉकपर्यंत करंट येतोय. पण लॉकच्या आतून पुढे जात नाही. बोर्ड ठणठणीत आहे.” करंट लॉकपर्यंतच आला नसता, तर वायर किंवा बोर्ड बघायचा. इतकी साधी परीक्षा. लॉक खोललं तर आतले संपर्क दमट हवेने काळे पडलेले.

मी विचारलं, “तात्पुरतं डायरेक्ट करून देता येईल का?” घरात चादरींचा ढीग होता. ते म्हणाले, “येईल, पण करणार नाही. तुमच्या घरात लहान पोर आहे. उघड्या दाराने ड्रम फिरला तर?” हे उत्तर मला फार महत्त्वाचं वाटलं. कुणी मेकॅनिक लॉक ‘डायरेक्ट’ करून देतो म्हणाला, तर नको म्हणा.

खरी अडचण पुढेच होती. पार्ट मिळेना. सुटा पार्ट देत नाही, आमचाच माणूस बसवेल, असं उत्तर. शेवटी मुंबईतल्या भाच्याने दुकानं पालथी घालून आणला. किंमत साडेसहाशे रुपये. बसवायला वीस मिनिटं. आणि सल्ला होता नव्या मशीनचा.

आता हे वाचा. युरोपियन युनियनमध्ये १ मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनसाठी नियम लागू आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान १० वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि मागितल्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत पोचले पाहिजेत. काही भाग फक्त मेकॅनिकलाच नाही, तर थेट ग्राहकालाही द्यावे लागतात. त्या यादीत दाराचं लॉक नाव घेऊन लिहिलेलं आहे! म्हणजे आपण ज्यासाठी फोन करून थकलो, तो तिकडे कायद्याने मिळणारा पार्ट आहे.

आपल्याकडे काय? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्यांनी सर्व्हिस, सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती द्यायची आहे. चांगली सुरुवात आहे, पण माहिती देणं वेगळं आणि दासगावात पार्ट पोचणं वेगळं.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते वापरू या. ‘बोर्ड गेलाय’ म्हणाले तर काय तपासलं ते लेखी मागा. पार्ट नाकारला तर तेही ईमेलवर घ्या. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही होते, आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. अलिबागला हेलपाटे घालायच्या भीतीने गप्प बसू नका.

आणि शेवटचं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडच्या रस्त्यांवर चिखलाने भरलेल्या सामानाचे ढीग आपण पाहिलेत. अशा वेळी वस्तू वाचवू शकतो तो गावातला मेकॅनिकच. त्याला पार्ट आणि माहिती देणं कंपन्यांवर बंधनकारक झालं पाहिजे, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे लावून धरू या. निवडणुकीत रस्ता मागतो, पाणी मागतो, तसंच हेही मागू.

दासगाव, महाड, पोलादपूर परिसरात मशीन उघडून, मीटर लावून, प्रामाणिकपणे काम करणारे मेकॅनिक तुम्हाला माहीत असतील, तर त्यांना विचारून त्यांचा नंबर कमेंटमध्ये द्या. एक यादी करू या. पुढच्या पावसाळ्यात कुणाच्या तरी घरच्या चादरी वेळेवर वाळतील.