दोन गाड्या, एक पाणंद

‘अॅडव्हेंचर मोटारसायकल’ या शब्दजोडीतील पहिल्या शब्दासाठी मराठीत ‘साहस’ हा शब्द तयारच आहे, आणि तो असा तयार असल्यामुळेच आपण त्याच्याकडे नीट पाहत नाही. प्राचीन धर्मशास्त्रात ‘साहस’ हे एक व्यवहारपद होते. बळाच्या जोरावर उघडपणे केलेला गुन्हा, असा त्याचा अर्थ. ‘सहस्’ म्हणजे बळ, त्यावरून ‘साहस’. पण ‘सहस्’च्या मुळाशी जो ‘सह्’ धातू आहे, त्याच धातूपासून ‘सहन’ आणि ‘सहिष्णू’ हेही शब्द आले. मात करणे आणि सोसणे, हे दोन्ही अर्थ त्याच्या पोटात आहेत. व्याकरणाच्या तासाला सांगून विसरून जावी अशी ही गोष्ट मला पुन्हा आठवली ती एका मोटारसायकलमुळे.

ऑक्टोबर 2022. परतीचा पाऊस नुकताच उघडला होता. बीडला मोटारसायकलींच्या दुकानात काम करणारा माझा एक माजी विद्यार्थी नेकनूरच्या आठवडी बाजाराच्या दिवशी दाखवण्यासाठी गाडी घेऊन आला होता : हीरोची एक्सपल्स 200, चार व्हॉल्व्हची. ‘सर, घेऊ नका, पण एकदा चालवून तर बघा,’ असे म्हणून त्याने किल्ली हातात दिली. बैल घेणारा माणूस नुसते खूर आणि खांदा पाहून पैसे मोजत नाही, गाडीला जुंपून त्याची चाल बघतो. टेस्ट राइड हा त्याच व्यवहाराचा आजचा अवतार म्हणायचा.

माझी स्वतःची गाडी म्हणजे हीरो होंडाच्या काळातली स्प्लेंडर. हे मॉडेल 1994 साली आले. 97.2 सीसीचे इंजिन, चार गिअर, किक मारून सुरू होणारी. नेकनूर ते मांजरसुंबा, मांजरसुंबा ते बीड हा तिचा नित्याचा मार्ग. पेंडीचे पोते, गॅसची टाकी, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि एका बाजूला पाय सोडून बसलेली आई, असे सारे तिने वाहिले आहे. तिच्याविषयी कौतुकाने बोलावे असे मला कधी सुचले नाही. आपण उंबऱ्याविषयी तरी कुठे कौतुकाने बोलतो?

येळंबघाटाकडे जाणाऱ्या रस्त्याने काही अंतर गेल्यावर मी नवी गाडी शेताकडच्या पाणंदीत घातली. बालाघाटाच्या माथ्यावरच्या या भागातल्या पाणंदी कशा असतात हे इथल्या वाचकाला सांगायला नको : कुठे उघडा पडलेला मुरूम, कुठे दगड, कुठे बैलगाडीच्या चाकोऱ्यांत साचलेले पाणी, आणि ओढ्याजवळ चाकाला धरून बसणारी काळी माती. स्प्लेंडरवर हा प्रवास म्हणजे सतत वाचन असते. पुढचा दगड आधी ओळखायचा, ब्रेक हलकेच दाबायचा, अंग आवळून घ्यायचे. एक्सपल्सवर हे वाचन करावेच लागले नाही. पुढच्या चाकाला 190 मिलिमीटर खाली-वर होण्याची मुभा, इंजिनाखाली जमिनीपासून 220 मिलिमीटर मोकळी जागा, पुढचे चाक 21 इंची. पायटांवर उभे राहिलो आणि दगड खालून निघून गेले. ओढ्यात स्प्लेंडरच्या मडगार्डमध्ये चिखल गच्च बसतो आणि काडीने उकरत उभे राहावे लागते. इथे मडगार्डच चाकापासून उंच, त्यामुळे चाक फिरत राहिले. जी वाट मी वर्षानुवर्षे सोसत आलो होतो, तिच्यात त्या दिवशी मजा आली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परतल्यावर लगेच तीच पाणंद मी स्प्लेंडरवरून पुन्हा केली. कंबरेने तुलना पूर्ण केली. पण घरी आईने नवी गाडी पाहिली आणि विचारले, ‘ह्या उंटावर मी चढू कशी?’ बैठक सव्वाआठशे मिलिमीटर उंचीवर. साडीचोळीतल्या बाईला तिथे एका बाजूने बसणे अवघडच. पोते टाकायलाही मागची जागा सोयीची नाही. गाडी एकट्या माणसासाठी कल्पिलेली होती, आणि तो माणूस कुठेतरी पोहोचण्यासाठी नव्हे, जाण्यासाठी निघालेला होता.

मोटारसायकलींची ही जात फार जुनी नाही. 1980 साली आलेली बीएमडब्ल्यूची आर 80 जी/एस तिची पूर्वज मानतात. त्यातली दोन अक्षरे जर्मन भाषेत रान आणि रस्ता सुचवतात. तिच्यावर आधारलेल्या गाडीने 1981ची पॅरिस-डाकार शर्यत जिंकली. गंमत अशी की साहित्यात गाजलेले मोटारसायकलप्रवास त्याआधीचे आणि साध्या गाड्यांवरचे आहेत. चे गेव्हारा आणि अल्बर्तो ग्रानादो 1952 साली एका जुन्या नॉर्टनवर निघाले आणि ती चिलीत कायमची बंद पडली. रॉबर्ट पिर्सिगने 1968 साली मुलाला मागे बसवून जो प्रवास केला, तो 305 सीसीच्या होंडावर. त्या काळी साहस गाडीच्या नावात नव्हते.

आज ते नावात आहे, आणि माझी अडचण नेमकी तिथे आहे. आमच्या पाणंदीवर रोज पहाटे दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन अडकवून जाणारा माणूस शंभर सीसीच्या गाडीवरच असतो. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या घरांतली माणसेही अशाच गाडीवरून तिघे-तिघे तालुक्याला जातात. चांगल्या शॉकअपची, उंच मडगार्डची गरज त्यांना आहे. त्यांच्या वाटेला मात्र कोणी साहस म्हणत नाही. जो दुसऱ्या, पक्क्या रस्त्याने घरी जाऊ शकतो, त्याने कच्चा रस्ता निवडला तर ते साहस. ज्याला दुसरा रस्ताच नाही, त्याचे ते सहन. दगड दोघांच्या चाकाखाली तोच असतो. एकाच कंपनीच्या दोन गाड्या एकाच धातूचे दोन अर्थ वाटून घेतात, असे मला वाटते.

मी ती गाडी घेतली नाही. दीड लाखाच्या आसपासची किंमत हे एक कारण, आई हे दुसरे. त्यात त्याग वगैरे काही नाही. उद्या एकट्यासाठी गाडी घ्यायची झाली तर मी तीच घेईन.

शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारने 2021 साली ‘मातोश्री ग्रामसमृद्धी’ या नावाने योजना आणली. आमची पाणंद अजून कच्चीच आहे. ती पक्की होईल त्या दिवशी एक्सपल्सला तिथे करण्यासारखे फारसे उरणार नाही. दूधवाल्याला मात्र त्या दिवशीही पहाटे निघायचेच आहे, आणि पाणंदीतले साहस संपले म्हणून तो हळहळेल असे मला वाटत नाही.