एका डॉलरचा आठवडा

ज्यांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत अशा घरांतून माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. विमानात पाय सुजतात, इन्शुलिनची वेळ कशी जुळवावी, तिकडे औषधे किती महिन्यांची न्यावीत, हे प्रश्न जुने झाले. नवा प्रश्न असा, की "डॉक्टर, आम्ही अजून किती वर्षे दरवर्षी तिकडे जाऊ शकू?" तो वैद्यकीय वाटतो, पण त्याच्यामागे बहुधा एखादा कागद असतो. त्या कागदाविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे.

माझ्या जुन्या रुग्णांपैकी एक काका बँकेतून निवृत्त झालेले, वय ७३. नऊ वर्षांपूर्वी बायपास झालेली, मधुमेह आटोक्यात. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांच्या सांधेरोपणाच्या शस्त्रक्रिया झालेल्या. मुलगा न्यू जर्सीत. त्याने ई-बेवर एक लिलाव पाहिला होता आणि त्याचे पान वडिलांना पाठवले होते. ऑरलँडो येथील एका रिसॉर्टमधील दोन शयनगृहांचे घर, दरवर्षी आठवा आठवडा, म्हणजे फेब्रुवारीचा उत्तरार्ध. न्यू जर्सीत तेव्हा बर्फ असतो, फ्लोरिडात सुखद ऊन. आणि बोलीची सुरुवात एक डॉलरपासून! काकांनी त्या पानाची छापील प्रत रक्तशर्करेच्या अहवालाला टाचणीने जोडून आणली होती.

ही व्यवस्था ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. टाइमशेअर म्हणजे एकाच घराच्या वर्षाचे बावन्न आठवडे पाडून ते वेगवेगळ्या लोकांना विकणे. १९६० च्या दशकात युरोपात ही कल्पना रुजली, पुढे अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात, तिचा मोठा उद्योग झाला. १९७४ मध्ये आरसीआय ही अदलाबदलीची संस्था निघाली आणि आपला आठवडा तिच्याकडे जमा करून दुसऱ्या गावचा घेण्याची सोय झाली. काही ठिकाणी आठवड्याची मालकी रीतसर खरेदीखताने मिळते आणि ते खत काउंटीच्या दप्तरी नोंदवले जाते. काही ठिकाणी केवळ ठरावीक वर्षांपुरता वापराचा हक्क मिळतो. कुठे आठवडा ठरलेला असतो, कुठे तो दरवर्षी आगाऊ मागावा लागतो, तर कुठे आठवड्याऐवजी गुण मिळतात. लिलावाच्या पानावर हे सारे लहान अक्षरांत असते आणि तलावाचे छायाचित्र मोठे असते.

मग बिल्डरकडून हजारो डॉलरना घेतलेली वस्तू एका डॉलरला का विकली जाते? कारण आठवड्याच्या मालकीबरोबर त्याच्या देखभालीचे वार्षिक शुल्कही येते. आपण गेलो काय नि न गेलो काय, ते भरावेच लागते. दोन शयनगृहांच्या घरासाठी ते वर्षाला हजार डॉलर किंवा त्याहून अधिक असणे आज सामान्य आहे. रुग्णाला आयुष्यभराचे औषध लिहून देताना मी पहिल्या पाकिटाची किंमत सांगत नाही, वर्षाचा खर्च सांगते. तोच हिशेब मी काकांपुढे मांडला. हजार डॉलर शुल्क दरवर्षी चार टक्क्यांनी वाढत गेले, तर दहा वर्षांत सुमारे बारा हजार डॉलर होतात. विमानाची तिकिटे वेगळी. शिवाय छप्पर बदलायचे झाले किंवा वादळाने नुकसान झाले आणि विम्याचे पैसे पुरले नाहीत, तर मालकांवर विशेष वर्गणी बसू शकते. २०२२ च्या सप्टेंबरात इयान चक्रीवादळाने फ्लोरिडाच्या फोर्ट मायर्सच्या किनाऱ्याची काय दशा केली, ते आपण दूरदर्शनवर पाहिले असेल.

काकांनी मुदत ठेवींत चाळीस वर्षे काढलेली. त्यांना हे पटकन कळले. मग ते म्हणाले, "म्हणजे विकणाराही आमच्यासारखाच कोणीतरी असणार." मला त्यांचे कौतुक वाटले. खरोखरच, अशा विक्रेत्यांत वयोवृद्ध माणसे पुष्कळ असतात. पन्नाशीत हौसेने घेतलेला आठवडा पंचाहत्तरीत झेपत नाही. जोडीदार गेलेला असतो, गाडी चालवणे बंद झालेले असते, शुल्काचे पत्र मात्र दर जानेवारीला येते. एक डॉलर ही त्या घराची किंमत नसते. त्या पत्रातून सुटका व्हावी म्हणून मांडलेली ती बोली असते.

पण पुष्कळदा लिलाव लावणारा हा मालकच नसतो. मालकाकडून 'तुमची यातून सुटका करतो' म्हणून पैसे घेणारा आणि घेणाऱ्याकडून कागदपत्रांचे शुल्क आकारणारा तो मध्यस्थ असतो. त्यात प्रामाणिकही असतात, पण ते ताडून पाहायला हवे. आणि खरेदीदाराला पैसे परत देण्याची ई-बेची जी हमी आहे, ती स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांना लागू नाही. फोन बिघडलेला निघाला तर तक्रार करावी, तशी इथे सोय नाही. फ्लोरिडाच्या कायद्याने बिल्डरकडून टाइमशेअर घेणाऱ्याला दहा दिवसांत करार रद्द करण्याचा हक्क दिलेला आहे. दुसऱ्या मालकाकडून घेताना त्या दहा दिवसांवर भिस्त ठेवू नये.

मुलाने काय करावे, हे त्यांनी मला विचारले नव्हते, पण मी सांगितले. लिलावाच्या पानावरचा क्रमांक न वापरता रिसॉर्टचा क्रमांक स्वतंत्रपणे शोधावा आणि तिथे विचारावे, की हा आठवडा कोणाच्या नावावर आहे, शुल्क किती, थकबाकी किती, पहिला वापर कोणत्या वर्षी मिळेल. याचे लेखी पत्र विक्रेत्यामार्फत मागवता येते, तिकडे त्याला एस्टॉपेल म्हणतात. चालू वर्षाचे शुल्क कोण भरणार, हस्तांतरणाचा खर्च कोणाकडे, हे बोली लावण्यापूर्वी लिहून घ्यावे, कारण एका डॉलरच्या बोलीमागे कित्येक शे डॉलरचे खर्च उभे असतात. काही रिसॉर्ट पहिल्या खरेदीचा हक्क राखून ठेवतात. त्यांनी तो वापरला तर आपला सौदा मोडतो. काही कंपन्या दुसऱ्या हाताने घेणाऱ्याला सगळ्या सवलती देत नाहीत. डिस्ने व्हेकेशन क्लबचे आठवडे गुणांच्या रूपात असतात, आणि त्यांच्या पुनर्विक्रीवरही अशी बंधने आहेत. पैसे त्रयस्थाच्या खात्यात ठेवावेत आणि खरेदीखत काउंटीत नोंदवले गेल्यावरच ते विक्रेत्याला मिळावेत.

हे ऐकून व्यवहार सोडून द्यावा असे कोणाला वाटेल. मी तसे म्हणत नाही. माझ्या दुसऱ्या एका रुग्ण बाईंच्या मुलीने टेक्सासमध्ये असाच आठवडा थोड्या डॉलरना घेतला. नावावर व्हायला तीन महिने लागले, पण कागद चोख होते. ती गाडीने चार तासांच्या अंतरावर राहते, दोन मुले शाळेत आहेत, आठवडा वाया जात नाही. आजी चार वेळा जाऊन आल्या. पण तो आठवडा त्या लेकीच्या चाळिशीच्या हिशेबाने घेतलेला आहे, आजींच्या सत्तरीच्या नव्हे, हे आपण लक्षात घ्यावे.

काकांच्या घरी मात्र गोष्ट वेगळी होती. त्यांना खरेदीखतावर स्वतःचे आणि काकूंचे नाव हवे होते. का, असे विचारले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुलगा सून फार चांगली आहेत, डॉक्टर. पण त्यांच्या घरी आम्ही सहा महिने पाहुणेच असतो. फ्रीज उघडतानासुद्धा मनात येते. तिथे एक आठवडा तरी ती आमच्या घरी येतील."

वाचकहो, रिसॉर्टला फोन करून या इच्छेचे उत्तर मिळत नाही. ज्यांनी आयुष्यभर आपल्या दारात इतरांचे स्वागत केले, त्यांना उतारवयात यजमानपण गमावल्याचे दुःख किती खोल असते, हे मी तपासणीच्या टेबलावर नेहमी पाहते. ते रक्तदाबाच्या आकड्यातून दिसते आणि झोपेच्या गोळीच्या मागणीतूनही. मुलांच्या ते सहसा ध्यानात येत नाही, कारण आईवडील तक्रार करत नाहीत.

तरीही नावाच्या बाबतीत मी ठाम होते. फ्लोरिडातील स्थावर मालमत्ता आपल्या नावावर असताना आपण इथे गेलो, तर ती वारसांच्या नावे करण्यासाठी तिथल्या न्यायालयाचे दार ठोठवावे लागू शकते. आणि तोवर शुल्क चालूच राहते. पतीपत्नींच्या संयुक्त नावाने घेतले तरी दुसऱ्याच्या मृत्यूनंतर प्रश्न उभा राहतोच. मुलाला वडिलांचे श्राद्ध नाशिकला आणि कागदपत्रे ऑरलँडोला, असे दोन्हीकडे करावे लागेल, हे मी जरा स्पष्टच बोलले. काकू हसल्या, काका हसले नाहीत.

आता त्या मूळ प्रश्नाकडे वळते. किती वर्षे जाता येईल, याचा आकडा मी देत नाही, आणि आपल्या डॉक्टरांनीही दिला तर त्यावर करार करू नये. आज हृदयाची चाचणी चांगली आली, तर या खेपेचा प्रवास ठीक, एवढेच मी म्हणू शकते. सत्तरीनंतर प्रकृतीचा अंदाज वर्षा-दोन वर्षांचा असतो. खरेदीखत मात्र कायमचे असते. शिवाय ठरलेला आठवडा प्रकृतीसाठी थांबत नाही. जानेवारीत न्यूमोनिया झाला, तर फेब्रुवारीतला प्रवास टळतो, शुल्क टळत नाही. परदेशी पाहुण्यांसाठीच्या अनेक विमा योजनांत वय वाढेल तसे संरक्षण कमी होते आणि आधीपासूनच्या आजारांना फारच मर्यादित स्थान असते, हेही प्रत्येक वर्षी नव्याने वाचावे लागते.

मी त्यांना एक मधला मार्ग सुचवला. मालक आपले आठवडे भाड्यानेही देतात, पुष्कळदा त्या वर्षीच्या शुल्काच्या आसपासच्या रकमेत. रिसॉर्टकडून पाहुण्याच्या नावाचा पुष्टीकागद येतो आणि जबाबदारी एका आठवड्यात संपते. भाडे काकांनी द्यावे, स्वयंपाकघर काकूंनी चालवावे. काकांना 'भाड्याचे' हा शब्द आवडला नाही. मुलाने लिलावात बोली लावली नाही. पुढच्या फेब्रुवारीत त्याच गावी एक आठवडा घेतला गेला. पैसे काकांनीच पाठवले. पायांत दाबमोजे घालून, विमानात दर दोन तासांनी उठून चालत, ते गेले. परत आल्यावर काकूंनी सांगितले, की पहिल्याच दिवशी मुलगा दारात उभा राहून 'आत येऊ का' म्हणाला आणि काका एकदम मागे वळून खिडकी पाहू लागले. त्यानंतरच्या वर्षी काकांना अँजिओप्लास्टी करावी लागली आणि जाणे झाले नाही. त्या वर्षी पत्रही आले नाही.

काळजीवाहू मंडळींसाठी आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ज्यांच्या घरी असे आठवडे किंवा आपल्याकडील पंचवीस वर्षांची सुट्टी-सदस्यत्वे आधीच आहेत, त्यांच्या दूरध्वनीकडे लक्ष ठेवावे. 'तुमचा आठवडा घेणारा गिऱ्हाईक तयार आहे, फक्त कर आणि फी आधी भरा' असा फोन येतो. गिऱ्हाईक नसतो. अमेरिकेत हा प्रकार इतका बोकाळला, की २०२३ मध्ये तिथल्या अर्थखात्याने मेक्सिकोतील जालिस्कोच्या अमली पदार्थांच्या टोळीशी संबंधित कंपन्यांवर टाइमशेअरमधील फसवणुकीसाठी निर्बंध घातले. फसवले गेलेल्यांत अमेरिकन ज्येष्ठ नागरिक मोठ्या संख्येने होते.

स्मृतिभ्रंशाच्या अगदी आरंभी, नावे आणि वाटा नीट आठवत असतानाही, पैशाचे गुंतागुंतीचे व्यवहार समजणे मंदावू लागते. घरच्यांना ते विसरणे वाटत नाही, हट्ट वाटतो. एखादे बाबा अचानक अनोळखी माणसाशी फोनवर कुजबुजू लागले, बँकेचे पुस्तक लपवू लागले, तर रागावण्याआधी त्यांना तपासणीला आणावे. थायरॉइड, बी-१२, ऐकू कमी येणे, नैराश्य अशी दुरुस्त होणारी कारणेही असतात. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे, उशीर झाला की रक्कम अडवणे कठीण होते. सदस्यत्वाच्या कराराबद्दल तक्रार असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. सदस्यत्व परत करायचे असल्यास मूळ कंपनीलाच लेखी विचारावे. काही कंपन्या ते परत घेतात. जे उत्तर येईल ते कपाटात मृत्युपत्राशेजारी ठेवावे आणि ते तिथे आहे, हे घरातल्या कोणा एकाला सांगून ठेवावे.