बाणकोट खाडीचा काकण

बागमांडल्याहून फेरीबोट वेसवीला लागली की पाहुणे बाणकोटचा किल्ला नाहीतर वेळासची कासवे विचारतात. हिवाळ्यात आलात तर आधी मान वर करून पाहा. पांढरे डोके, पांढरे पोट, राखाडी पंख. पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे २ मीटर. हा समुद्री गरुड. आपल्या किनाऱ्यावर त्याला काकण म्हणतात. घार त्याच्यापुढे लेकरू दिसते, आणि तिच्या पायातला मासा हिसकावून घ्यायलाही तो कमी करत नाही.

काकण सहसा पाण्यात बुडी मारत नाही. उंच फांदीवर बराच वेळ गप्प बसतो, पाण्याच्या वरच्या थरात काही हलले की तिरका खाली येतो आणि पाय पुढे टाकून नखांनी उचलतो. मासा तर घेतोच, पण समुद्रसापही घेतो. जाळ्यात हा विषारी साप आला की खलाशी चार पावले मागे सरतात. काकण तो झाडावर नेऊन निवांत खातो. घरटे शोधायचे तर झाडाखाली माशांचे काटे आणि सापांचे मणके पाहावेत.

पावसाळा सरला की जोडी जुन्याच घरट्याची डागडुजी करते. वर्षावर्षाला काटक्यांची भर पडत घरटे केवढे तरी होते. अंडी बहुधा दोन. सुमारे ४० दिवस उबवण, मग पिल्लू उडेपर्यंत आणखी दोन महिन्यांहून अधिक. पुष्कळदा एकच पिल्लू जगते. (वेळासची कासवेही या पक्ष्यामुळेच पुढे आली. काकणाच्या पाहणीसाठी फिरणाऱ्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या मंडळींना २००२ साली तिथे कासवाची घरटी आढळली.)

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने पक्ष्याला संरक्षण आहे. पण घरटे असते कुणाच्या तरी आंब्यावर, सुरूवर, आणि झाडाला हिस्सेदार असतात. आमच्या एका मामूंच्या वाडीतला जुना आंबा लाकडासाठी विकायचा ठरला होता. घराचे छप्पर गळत होते, पैशांची गरज खरी होती. वर पिल्लू होते. मामूंनी व्यापाऱ्याला सांगितले, "पोर उडू दे, मग बघू." तो कुरकुरला, पण थांबला. मार्चमध्ये पिल्लू उडाले. छपरावर सध्या ताडपत्री आहे. आंबा अजून उभा आहे; दुबईतल्या पुतण्याचा होकार यायचा आहे.